मदत हवी आहे: ब्रासेरो म्हणून कॅलिफोर्नियात आलेल्या आजेसासऱ्यांचं मूळ गाव कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

विषय आपल्याकडचा नाही, तरी इथे विचारतेय. इथले बरेच जण अमेरिकेत राहतात, काही स्पॅनिश शिकलेले आहेत आणि घराण्याचे जुने कागद धुंडाळायची आवड असलेलेही आहेत.

मी मूळची सांगलीकडची, लग्नानंतर कॅलिफोर्नियात सलिनासला असते. सासर मेक्सिकन. नवऱ्याचे आजोबा १९५०च्या दशकात शेतमजूर म्हणून इथे आले आणि आयुष्यभर या खोऱ्यातल्या लेट्यूसच्या शेतांत राबले. आजेसासरे जाऊन बरीच वर्षं झाली, आजेसासूबाईही आता नाहीत. सासऱ्यांनी साठी ओलांडली आहे आणि वडिलांचं गाव एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात आहे. पण गाव कुठलं, हेच घरात कुणाला नक्की माहीत नाही. "मिचोआकानमधलं सान होसे" एवढंच सगळे सांगतात. मिचोआकान राज्याच्या नकाशात सान होसे नावाच्या इतक्या वस्त्या आहेत की मोजता येत नाहीत.

आमच्या गावी हेळवी दारात येऊन सात पिढ्यांची नावं चोपडीतून वाचून दाखवायचा. इथे दोन पिढ्यांमागे सगळं पुसट होतं, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या माणसाने एवढे कष्ट उपसले त्याच्या आईवडिलांची नावं त्याच्या पणतवंडांना माहीत नसावीत, हे मनाला पटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतावर माणसं कमी पडली, म्हणून ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिकोशी करार झाला. त्या कराराने येणाऱ्या मजुरांना ब्रासेरो म्हणत. युद्ध संपलं तरी ही व्यवस्था १९६४ अखेरपर्यंत चालू राहिली. एकूण सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे माणसं त्याहून बरीच कमी होती. करार काही महिन्यांचा असे आणि बायकामुलांना आणायची परवानगी नसे. घरभाडं, जेवण, मजुरीचा दर सगळं कागदावर ठरलेलं असे. प्रत्यक्षात काय मिळायचं ते ज्याचं त्याला माहीत.

आमच्याकडे काय आहे ते लिहिते:

आजेसासऱ्यांचं मजुराचं ओळखपत्र, फोटो असलेलं. नाव आणि क्रमांक वाचता येतात, गाव त्यावर नाही.

सासऱ्यांनी लहानपणी ऐकलेल्या गोष्टी. सोनोरा राज्यात एम्पाल्मेला भरती केंद्र होतं, तिथे नाव पुकारलं जाईपर्यंत कित्येक दिवस उघड्यावर काढले. यादीत नंबर लागावा म्हणून आधी तिथल्याच शेतमालकांचा कापूस वेचून द्यावा लागला. मग आगगाडीने सरहद्द आणि पलीकडे एल सेन्ट्रोचं केंद्र. तिथे कपडे उतरवून तपासणी आणि अंगावर डीडीटीची पांढरी पावडर. हा भाग ते एकदाच बोलले होते, पुन्हा कधी विषय काढला नाही.

१९६०च्या दशकात एका मळेवाल्याने पत्र दिलं आणि त्यांना कायम राहण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर आजेसासूबाई आणि मोठी मुलं आली. सासरे सगळ्यांत धाकटे, ते सलिनासलाच जन्मले.

आणि एक धागा. आजेसासऱ्यांचे वडीलसुद्धा १९२०च्या दशकात अमेरिकेत येऊन गेले होते आणि मंदीत परत गेले, असं म्हणतात.

जन्मसाल १९२८च्या आसपासचं. घरात त्यांना सगळे "चेमा" म्हणत, कागदावर होसे मारिया. आडनाव इथे देत नाही, सासरच्यांची तशी इच्छा आहे.

प्रश्न असे: ब्रासेरोंची नावनिहाय यादी कुठे मिळते का? अमेरिकेतले कोणते कागद गावापर्यंत पोहोचवतील? आणि मेक्सिकोतल्या नोंदी घरबसल्या बघता येतात का?

---

पानगळ_बे_एरिया

ब्रासेरो यादीच्या मागे फार वेळ घालवू नका. सगळ्यांची नावं असलेली एक यादी शोधून काम होईल असं दिसत नाही. तुमच्यासाठी खरा खजिना म्हणजे त्यांची ए-फाईल. १ एप्रिल १९४४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन खातं परदेशी नागरिकाची अशी एकत्रित फाईल ठेवत आलं आहे. ज्यांना १९६०च्या दशकात ग्रीन कार्ड मिळालं त्यांच्या फाईलमध्ये अर्ज, फोटो, आईवडिलांची नावं, जन्मगाव आणि बऱ्याचदा जन्मदाखल्याची नक्कलसुद्धा असते. मळेवाल्याचं ते पत्रही त्यातच सापडेल.

जन्माला शंभर वर्षं झालेल्यांच्या फाईली टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागारात जातात, त्या सान ब्रुनो आणि कॅन्सस सिटीला आहेत. तुमचे आजेसासरे १९२८चे, म्हणजे फाईल अजून इमिग्रेशन खात्याकडेच असणार. त्या खात्याचा वंशावळीचा वेगळा विभाग आहे, पण तो १ मे १९५१ पूर्वीच्या कागदांपुरता. तुम्ही इथल्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. मृत्यूचा पुरावा जोडा आणि ग्रीन कार्डावरचा ए-नंबर असेल तर तो लिहा. नसेल तर नाव, जन्मतारीख आणि जन्मदेश द्या. नावाचे सगळे प्रकार लिहायला विसरू नका. मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. इथल्या कारकुनांनी कधी दुसरं आडनाव शेवटचं धरलं, तर कधी पहिलं मधलं नाव करून टाकलं.

सोबत सोशल सिक्युरिटीचा मूळ अर्जही मागवा. एसएस-५ म्हणतात त्याला. त्यात अर्जदार स्वतः आईवडिलांची पूर्ण नावं देतो. आईवडील वारल्याचा पुरावा नसेल तर ती नावं झाकून देतात, तेवढं लक्षात ठेवा. मृत्यूच्या दाखल्यात जन्मस्थान म्हणून फक्त "मेक्सिको" असायची शक्यता जास्त, पण आईचं माहेरचं आडनाव मिळेल.

---

रानवारा

डीएनए चाचणी करून बघितलीत का? चुलत-मावस नातेवाईक सापडतात.

---

धागाकर्ती

रानवारा, सासऱ्यांना ती नको आहे आणि मी आग्रह करणार नाही. त्यांना टक्केवारी नको, गाव हवं आहे.

पानगळ, मनापासून आभार. नवरा आज रात्रीच अर्ज भरायला बसतोय.

---

जुनी_वही

पणजोबांच्या १९२०च्या फेरीवर जोर द्या. ब्रासेरो गटागटाने आले. त्या काळी सरहद्द ओलांडणाऱ्यांची मात्र एकेकट्याची नोंद व्हायची. मेक्सिकोच्या सीमेवरची ही कार्डं आणि याद्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. खातं मात्र उघडावं लागतं. कार्डावर जन्मगाव, शेवटचा मुक्काम, मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, कुठे निघालाय, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं लिहिलेलं असतं. पणजोबांचं कार्ड सापडलं तर पणजीचं नाव आणि गाव एकाच ओळीत हाती येईल. १९३०च्या अमेरिकन जनगणनेतही बघा. त्या एकाच जनगणनेत वंशाच्या रकान्यात "मेक्सिकन" असा वेगळा प्रकार होता. मंदीत अनेक कुटुंबांना परत पाठवलं गेलं, त्यामुळे ते १९३० मध्ये इथे असतील किंवा नसतीलही.

आता एक सोपी गोष्ट. तुमच्या सासऱ्यांची थोरली भावंडं मेक्सिकोत जन्मली ना? मग थोरल्या आत्येसासूबाईंचा जन्मदाखला मागा. मेक्सिकोत नागरी नोंदणी १८५९ पासून कायद्याने सुरू झाली. जन्माच्या नोंदीत आईवडिलांसोबत दोन्हीकडचे आजी-आजोबाही लिहायची पद्धत आहे. म्हणजे एका कागदावर तीन पिढ्या! हल्ली संगणकावरून निघणाऱ्या दाखल्यात फक्त आईवडील येतात. म्हणून मूळ वहीच्या पानाची नक्कल मागा.

वाचताना एक काळजी घ्या. नोंदीत दोन ठिकाणं येतात. "ओरिखिनारियो दे" म्हणजे मूळचा कुठला आणि "वेसिनो दे" म्हणजे सध्या कुठे राहतो. तुम्हाला पहिलं हवं. आणि रांचो म्हणजे मोठा मळा समजू नका, तिकडे वाडी-वस्तीलाही रांचो म्हणतात. ती कुठल्या म्युनिसिपियोत येते ते कळल्याशिवाय पुढची वही उघडता येत नाही. म्युनिसिपियो म्हणजे आपल्या तालुक्यासारखं प्रशासकीय क्षेत्र.

---

सेन्ट्रल_व्हॅली

मी फ्रेस्नोला असतो. इथल्या होली क्रॉस दफनभूमीत एक सामूहिक थडगं आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी लॉस गातोस दरीत विमान कोसळलं, त्यात ३२ जण गेले. त्यातले २८ मेक्सिकन शेतमजूर, सरकार त्यांना परत पाठवत होतं. दगडावर त्यांची नावंसुद्धा नव्हती. २०१३ मध्ये सगळ्यांची नावं कोरलेला नवा दगड बसला. कारकुनांनी वाट्टेल तशी लिहिलेली नावं शोधकर्त्यांना एकेक करून दुरुस्त करावी लागली.

हे मुद्दाम सांगतोय. काउंटीच्या नोंदी, चर्चच्या दफननोंदी, स्पॅनिश वर्तमानपत्रं यांतून एवढ्या वर्षांनीही माणसं सापडतात. तुमच्याकडे तर ओळखपत्र आहे, हयात मुलं आहेत.

---

धागाकर्ती

सेन्ट्रल_व्हॅली, हे वाचून घरात सगळे गप्प झाले होते. आमच्या जवळच चुआलारला १७ सप्टेंबर १९६३ रोजी मजुरांची गाडी मालगाडीखाली सापडली आणि ३२ ब्रासेरो गेले. आजेसासरे त्यांतल्या काहींसोबत काम करायचे. त्या वेळीही मृतांची ओळख पटवायला फार त्रास झाला होता, असं सासरे सांगतात. म्हणून नावं नीट लिहून ठेवणं मला एवढं महत्त्वाचं वाटतं.

---

पुण्याची_स्पॅनिशवाली

जन्म १९२८ आणि मिचोआकान, हे दोन्ही एकत्र वाचून लिहायला बसले. ३१ जुलै १९२६ पासून जून १९२९ पर्यंत मेक्सिकोत सार्वजनिक उपासना बंद होती. सरकार आणि चर्च यांच्या संघर्षातून क्रिस्तेरो युद्ध पेटलं होतं. मिचोआकान, हालिस्को, ग्वानाख्वातो हा त्याचा गाभा. त्या काळात पाद्री लपूनछपून घरांत बाप्तिस्मे करत. काही नोंदी नंतर वहीत चढवल्या गेल्या, काही कधीच नाहीत. म्हणून १९२८च्या पानावर नाव नसेल तर निराश होऊ नका. १९२९ आणि १९३०च्या वह्या पानापानाने बघा, तेव्हा मोठ्या मुलांचे बाप्तिस्मेही एकदम नोंदलेले आढळतात. नागरी जन्मनोंदही काही वर्षं उशिरा झालेली असू शकते.

त्यापेक्षा त्यांच्या लग्नाची चर्चमधली नोंद शोधा. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, त्यामुळे बाप्तिस्मा कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत, झाला ते तिथे कळतं. नवरा-नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात. लग्न बहुधा मुलीकडच्या गावी झालं असेल, म्हणजे आजेसासूबाईंच्या गावापासून सुरुवात करा. ते माहीत आहे का?

शोधताना होसे मारिया, होसे मा., नुसतं मारिया असं सगळं टाकून बघा. जुन्या नोंदींत "मारिया" पाहून अनुक्रमणिका करणाऱ्यांनी पुरुषाला स्त्री केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मेक्सिकोत मागे राहिलेल्या नातेवाइकांनाही एक विचारा. २००५ मध्ये तिथल्या सरकारने माजी ब्रासेरोंसाठी निधी स्थापन केला. सुरुवातीच्या काळात मजुरीतून दहा टक्के कापून ठेवले जात, ते बहुतेकांना कधी मिळालेच नव्हते. त्या निधीतून पैसे मिळावेत म्हणून विधवा आणि मुलांनीही कागद जमवले. कुणी अर्ज केला असेल तर ती फाईल एखाद्या ट्रंकेत असेल.

---

धागाकर्ती

मोठी बातमी! थोरल्या आत्येसासूबाई स्टॉक्टनला असतात. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "माझा दाखला आहे की, कुणी विचारलाच नाही." जुना हस्तलिखित दाखला आहे, वहीच्या पानाची नक्कल. त्यात आजेसासऱ्यांच्या आईवडिलांची पूर्ण नावं आहेत आणि ते मूळचे पुरुआंदिरो म्युनिसिपियोतल्या एका रांचोचे असल्याचं लिहिलंय. रांचोच्या नावात "सान होसे" आहे, पण पुढचे शब्द शाईच्या डागाखाली गेलेत. सासऱ्यांना आजीचं नाव पहिल्यांदा कळलं. ते कितीतरी वेळ ते नाव मोठ्याने म्हणत होते.

माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे, पणजोबांची सीमेवरची कार्डं आता दोन्ही आडनावांनी शोधतेय. पुण्याची_स्पॅनिशवाली, लग्न त्याच म्युनिसिपियोत झालं असं आत्येसासूबाई म्हणतात, साल १९५० किंवा १९५१.

आता दोन विनंत्या. पुरुआंदिरोच्या नागरी लग्ननोंदी फॅमिलीसर्चवर कुणी चाळल्या असतील तर त्या काळातल्या वह्या घरून उघडतात की त्यांच्या केंद्रावर जावं लागतं? आणि डाग पडलेल्या त्या ओळीचा फोटो व्यक्तिगत निरोपातून पाठवला तर जुनं स्पॅनिश अक्षर लागणारं कुणी बघून देईल का? डागाच्या पलीकडे शेवटची दोन-तीन अक्षरं दिसतात, ती "ल्ला" आहेत की "ला" यावर आमच्या घरात एकमत होत नाहीये.