स्पोर्ट्स शूज नेमके कोणाच्या पायावर बेततात?

सावनी_पळते:
नऊ वर्षं पळतेय आणि प्रत्येक बुटाची तीच रड. पंजाला बसला की टाचेत ढिला, टाचेला बसला की करंगळी चेंगरते. लेस सगळ्यात वरच्या भोकातून फिरवून आवळते, तरी तासाभरात टाच वरखाली व्हायला लागतेच. सारख्या लांबीचे पाय घेतले तरी बाईची टाच पुरुषापेक्षा सरासरीनं अरुंद असते. पण कित्येक 'लेडीज' बूट पुरुषी साचाच लहान करून, वर गुलाबी रंग चढवून निघाले. धंद्यात याला 'श्रिंक इट अँड पिंक इट' असं नावच आहे! संशोधनातही तेच. नायकीच्या व्हेपरफ्लाय या पळायच्या बुटानं '४ टक्के' ऊर्जा वाचते म्हणून २०१७ मध्ये गाजावाजा झाला, तो अभ्यास १८ धावपटूंवर केलेला. अठराच्या अठरा पुरुष. साचा आणि चाचणी, दोन्ही बाईच्या पायापासून सुरू करा, एवढंच म्हणणं आहे.

आडवा_पाय:
ताई, टाच निसटते हे मान्य, पण तुम्ही सांगता ते कारण मान्य नाही. माझा पंजा फावड्यासारखा, टाच बारीक. तुमचा तो 'पुरुषी' साचा मलाही बसत नाही. दोन बायकांचे पाय एकमेकींपासून केवढे वेगळे असतात! बायकांसाठी म्हणून आणखी एक सरासरी काढाल आणि निम्म्या जणी पुन्हा बाहेर. रुंदीचे पर्याय मागा. पायाची रुंदी मोजणारं ब्रॅनॉकचं उपकरण १९२० च्या दशकातलं आहे, तरी बहुतेक मॉडेलं अजून एकाच रुंदीत. आणि व्हेपरफ्लायचं अर्धंच सांगितलंत. २०१९ च्या अभ्यासात १२ पुरुष, १२ बायका होत्या. फायदा दोघांनाही दिसला.

सावनी_पळते:
दिसला ना, पण बूट बाजारात आल्यावर!

गवतावरची:
फुटबॉलचं बघा. गुडघ्यातला एसीएल, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा अस्थिबंध, बायकांचा कितीतरी जास्त तुटतो. २०२३ च्या विश्वचषकाला इंग्लंडच्या लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची मिडेमा, तिघी त्यापायीच बाहेर. बुटाच्या तळाचा खुंटीसारखा स्टड गवतात रुततो, पाऊल अडकतं, वरचं शरीर वळलेलं असतं. तो स्टड किती लांब आणि कुठे, हे कुणाचं वजन धरून ठरवलं?

फिजिओकाका:
जरा दमानं. एसीएलचं खापर बुटावर फोडण्याइतका पुरावा नाही. मैदान, मांड्यांची ताकद, उडी मारून उतरायची पद्धत, सामन्यांची गर्दी, बरंच काही असतं. उद्या कोणीतरी 'गुडघा वाचवणारा बूट' विकेल आणि पोरी वॉर्मअप सोडतील. फिफाच्या '११+' वॉर्मअपनं दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय, आणि तो फुकट आहे.

गवतावरची:
काका, वॉर्मअप करूनच मैदानात उतरतो आम्ही. बूट घालून.

सहावं_बोट:
तुम्ही बाई-पुरुषातच अडकलात. आपली अ‍ॅथलीट स्वप्ना बर्मन, तिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. २०१८ च्या जकार्ता एशियाडला हेप्टॅथलॉनचं (धावणं, उड्या, फेक अशा सात प्रकारांचं) सुवर्ण तिनं पाच बोटांसाठी बनलेल्या बुटांत जिंकलं. आदिदासनं तिच्या मापाचे बूट बनवले ते त्यानंतर. सुवर्ण हुकलं असतं तर? उलटं उदाहरणही आहे. सेरेब्रल पाल्सी (स्नायूंवर नीट ताबा न राहण्याचा विकार) असलेल्या एका मुलानं लेस बांधता येत नाही म्हणून २०१२ मध्ये नायकीला पत्र लिहिलं. २०१५ मध्ये टाचेभोवती चेन असलेला बूट आला. असे बूट आता लेसचा कंटाळा असलेलेही घालतात.

साचेवाला:
या धंद्यात होतो म्हणून सांगतो. तळाचा साचा साइझगणिक वेगळा लागतो. त्यात तीन रुंद्या धरल्या तर साचे वाढले आणि गोदामात न खपलेले जोडही वाढले. म्हणून 'वाइड' लिहिलेल्या बुटात बरेचदा तळ तोच ठेवतात, वरचं कापड तेवढं ऐसपैस.

सावनी_पळते:
आडवा_पाय, ऐकलंत? तुमची रुंदी ती ही.

आडवा_पाय:
आत्ताच माझ्या 'वाइड' बुटातला इनसोल (आतली सुटी गादी) काढून त्यावर उभा राहिलो. करंगळी बाहेर. पण ताई, मुद्दा माझाच बरोबर निघाला ना!