'एनकॅप्सुलेशन'ला काय म्हणावं? संपुट, कोंदण की आणखी काही?

घंटाळीकर: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडलेय. धातूंची संयुगं साखरेच्या रेणूत 'एनकॅप्सुलेट' करून कर्करोगावर वापरता येतील का, यावर संशोधन चालू आहे, असा आशय. साखर म्हणजे इथे सायक्लोडेक्स्ट्रिन. ग्लुकोजचे 6, 7 किंवा 8 घटक गोल जोडून झालेलं कडं. बाहेरून पाण्याशी जमणारं, आतली पोकळी मात्र पाण्याला दूर ठेवणारी. टायटॅनोसीन डायक्लोराइड हे टायटॅनियम धातूचं संयुग पाण्यात लवकर मोडतं, ते या पोकळीत बसवून टिकवायचं, ही कल्पना. मी 'संपुटित' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'साखरेत घोळलेली' केलं. घोळल्यावर साखर वरून लागते, आत काही जात नाही ना!

कोपरी: संपुटच ठेवा, ताई. आजोबा वैद्य होते. शरावसंपुट लहानपणी पाहिलंय: मातीचे दोन परळ तोंडाला तोंड लावायचे, सांध्यावर कापडमाती करून वाळवायचे, मग गोवऱ्यांच्या आगीत. आत धातूच असायचा. इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसरा कशाला?

वाशी: म्हणूनच नको, काका. 'धातू' आणि 'संपुट' एका ओळीत आले की पेशंट भस्मच समजणार. माझ्या सासूबाईंना सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध चालू होतं. त्यात प्लॅटिनम आहे हे कळल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "म्हणजे भस्म का गं?" औषध 1978 पासून वापरात आहे, तरी घरात समजावताना मला शब्द सापडेना. शिवाय संपुट बंद असतं, हे कडं दोन्हीकडून उघडं. 'कोंदण' बघा.

कळवा: कोंदण आवडलं. मामा सोनारकाम करायचे. खड्याभोवती सोन्याचा पत्रा दाबत न्यायचे, खड्याचं तोंड उघडं ठेवून. इथेही संयुगाचा एखादा भागच पोकळीत शिरतो, बाकीचा बाहेर राहतो.

घंटाळीकर: पण कोंदणातला खडा सुटू नये म्हणून तर दाबतात. औषध योग्य जागी सुटायला हवं. रसायनवाले कड्याला यजमान आणि आतल्याला पाहुणा म्हणतात, ते अर्थाला जवळचं. त्यावरून क्रियापद मात्र होत नाही.

कोपरी: 'साखर' तरी बदला. मधुमेही माणूस घाबरेल. 'शर्करा' करा.

वाशी: 'शर्करा' वाचून तर तो जास्त घाबरेल! लॅबच्या रिपोर्टवर तोच शब्द असतो.

ऐरोली: घोळणे नको, पण 'पाक चढवणे' चालेल का? संक्रांतीचा हलवा करताना आम्ही खसखशीवर पाक चढवतो.

कळवा: तोही वरूनच. आणि आमच्याकडे हलव्याला पाक 'देतात', चढतो तो काटा.

ऐरोली: काटा चढत नाही, फुटतो. परातीखाली मंद निखारे, चमचाभर पाक, बोटांनी हलवत राहायचं. आजी म्हणायची, "थांब, आता फुटेल."

कोपरी: फुटतो ते डोंबिवलीपलीकडे. ठाण्यात काटा 'येतो'.