प्रत्येक हल्लेखोर मनोरुग्णच कसा काय निघतो हो?

देवदत्त_डोंबिवली:
परवा इथे शांतिदूत यांनी लिहिलं, "एकट्याने सुरा नाहीतर ट्रक घेऊन निघणारा माणूस अतिरेकी नसतोच, रुग्ण असतो. त्याचा धर्माशी संबंध जोडणं हा अडाणीपणा. त्याला तुरुंग नको, डॉक्टर द्या." खाली सगळ्यांचे अंगठे वर. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं तापलं आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नॉर्वेचा ब्रेविक आठवतोय? २२ जुलै २०११. आधी ओस्लोत सरकारी इमारतींपाशी स्फोट, ८ ठार. मग पोलिसाच्या वेषात उटोया बेटावर, मजूर पक्षाच्या पोरांचं शिबिर होतं तिथे, ६९. पहिल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. देशभर ओरड झाली, कोर्टाने दुसरी जोडी नेमली. ती म्हणाली, व्यक्तिमत्त्व विकृत आहे, पण भ्रमिष्ट नाही. आता मजा बघा. सरकारी वकील म्हणतायत याला इस्पितळात पाठवा, आणि ब्रेविक म्हणतोय मी ठणठणीत आहे, मला वेडा ठरवणं मरणापेक्षा वाईट. २४ ऑगस्ट २०१२ ला कोर्टाने शहाणा ठरवून २१ वर्षं दिली, वर मुदत वाढवायची सोय ठेवून. बॉम्बसाठी खत मिळावं म्हणून आधी शेत भाड्याने घेणारा माणूस हा. दीड हजार पानांचा जाहीरनामा लिहिणारा. एवढं नियोजन आमच्या ऑफिसात शहाण्यांना जमत नाही.

आता घरचं. ३ एप्रिल २०२२, गोरखपूरच्या गोरखनाथ मंदिराचं दार. अहमद मुर्तझा अब्बासी, आयआयटी मुंबईचा केमिकल इंजिनिअर, धारदार हत्यार घेऊन पीएसीच्या, म्हणजे यूपीच्या सशस्त्र पोलीस दलाच्या, जवानांवर धावून गेला, दोघे जखमी. वडील म्हणाले, मुलगा मानसिक आजारी आहे. लखनौच्या विशेष कोर्टाने ते मानलं नाही, ३० जानेवारी २०२३ ला फाशी सुनावली.

हे लोक घसा फोडून स्वतःचं कारण सांगतात. आणि आपण सोफ्यावर बसून म्हणायचं, बाळा, तुला काय कळतंय, तुला बरं नाहीये!

शांतिदूत:
माझ्या नावाने धागा! शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

फ्रान्समधल्या नीसचं काय करता? १४ जुलै २०१६, १९ टनी ट्रक, ८६ माणसं. चालवणारा दारू प्यायचा, डुकराचं मांस खायचा, मशिदीकडे फिरकायचा नाही, असं शेजारीपाजारी सांगत होते. ट्युनिशियातून वडील म्हणाले, पूर्वी त्याच्यावर मानसोपचार झालेत. बर्मिंगहॅमची दोन पोरं सीरियात लढायला गेल्याबद्दल २०१४ मध्ये आत गेली. निघण्याआधी त्यांनी ॲमेझॉनवरून काय मागवलं असेल? इस्लामची 'ढ' लोकांसाठी लिहिलेली तोंडओळख. आपला कसाब घ्या. बापाशी भांडून घर सोडलं, लुटालूट करायची म्हणून हत्यार चालवायला शिकायचं होतं, असं त्याच्या कबुलीजबाबात होतं. ही तुमची धर्मभक्ती?

आणि अभ्यास म्हणाल तर कॉर्नर आणि गिल या संशोधकांचा, २०१५. ११९ एकांडे हल्लेखोर तपासले. साधारण तिसऱ्या हिश्श्याला मानसिक आजाराचा इतिहास. टोळीने हल्ले करणाऱ्यांत हे प्रमाण नगण्य. मी 'एकट्याने' हा शब्द उगाच नव्हता वापरला.

देवदत्त_डोंबिवली:
म्हणजे दोन हिस्से धडधाकट. गणित माझंही कच्चं आहे, पण इतकं नाही.

नीसवाल्याने शेवटी शेवटी दाढी वाढवायला घेतली होती, हे सोयीने गाळलंत. आणि कसाब वेडा होता असं कुठल्याच कोर्टाने मानलं नाही. तो हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब वापरून घेणारे कराचीत फोनवर बसले होते.

भक्ती म्हणजे पाच वेळा नमाज, असं मी कुठे म्हटलं? आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. जन्मात कधी मारुतीला तेल वाहिलं नाही. पण मिरवणुकीवर दगड आला अशी आवई उठली की पहिले चपला घालून खाली उतरतात.

तुळशीमाळ:
मग त्याला भक्ती म्हणू नका ना. कट्टरता म्हणा, गुंडगिरी म्हणा. माझे वडील शेवटपर्यंत वारीला गेले, दिंडीत कुणाच्या पायाला फोड आला तर स्वतः बसून पट्टी बांधायचे. तुम्ही दोघं भांडता आणि शिव्या भक्तीला.

देवदत्त_डोंबिवली:
माऊली, तुमच्या वडिलांना कोण काय म्हणतंय? पण मारणाराही स्वतःला भक्तच समजतो. प्रमाणपत्र द्यायला आपण कोण?

स्टॅव्हँगरकर:
ब्रेविकच्या वेळी मी इथेच, नॉर्वेत होतो, म्हणून लिहितो. स्फोट झाला तेव्हा निम्मं ऑफिस सुट्टीवर. जे होते ते सगळे धरून चालले होते की हे अल कायदाचंच काम. आमच्यातला एक पाकिस्तानी सहकारी जेवणाच्या टेबलावरून उठून मुकाट्याने घरी गेला. संध्याकाळी गोरा, सोनेरी केसांचा नॉर्वेजियन पकडला गेल्याचं कळलं, आणि त्याच टेबलावर सोमवारी 'दहशतवादी'चा 'वेडा' झाला होता. देवदत्त, तुमचं ब्रेविकबद्दल बरोबर आहे, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. तो स्वतःला ख्रिश्चन संस्कृतीचा रक्षक म्हणवायचा. देवाधर्माचं मात्र फारसं नव्हतं त्याला.

वकीलबुवा:
सगळे गोड गोंधळ घालताय. कोर्ट 'आजारी आहे का' असं विचारतच नाही. जुन्या दंड संहितेचं कलम ८४, आता न्याय संहितेचं २२. प्रश्न एवढाच की कृत्य करताना वेडसरपणामुळे त्याला आपण काय करतोय हे, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, कळत होतं की नव्हतं. बायपोलर असूनही दोषी ठरू शकतो.

हा नियम आला कुठून ते बघा. १८४३, लंडन. मॅकनॉटन नावाचा ग्लासगोचा लाकूडकाम करणारा. टोरी पक्षाचे लोक आपला पाठलाग करतात असं त्याच्या डोक्यात बसलेलं. पंतप्रधान पीलला मारायला गेला, मेला त्यांचा सचिव ड्रमंड. ज्यूरीने वेडा म्हणून सोडला, रवानगी इस्पितळात. राणी व्हिक्टोरिया भडकली, आणि लॉर्ड्सच्या सभागृहाने न्यायाधीशांकडून ते प्रसिद्ध नियम वदवून घेतले. म्हणजे वेडाच्या कायद्याचा जन्मच राजकीय खुनातून. तुमचा वाद पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

आणि देवदत्त, अब्बासीच्या खटल्यात कुणीही मेलं नव्हतं. फाशी लागली ती देशाविरुद्ध युद्धाच्या कलमाखाली. ते वाक्य लिहिताना पेनातली शाई संपली होती का?

देवदत्त_डोंबिवली:
शाई भरपूर आहे. जीव वाचले ते त्याच्या कृपेने वाचले नाहीत.

मधुरा_सांगली:
दोघांनाही एकदमच सांगते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजात असताना कळलं.

शांतिदूत, 'रुग्ण असतो' लिहून तुम्हाला वाटतं तुम्ही आमची बाजू घेतलीत. टीव्हीवर असलं काही आलं की दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात गाठून विचारतात, "ताई, गोळ्या चालू आहेत ना त्याच्या?" क्लोझापिन सुरू केलं तेव्हा दर आठवड्याला रक्त द्यायला न्यायचे त्याला, पांढऱ्या पेशी बघायला. बाही वर करून बसायचा आणि सुई टोचायच्या आधी सिस्टरना विचारायचा, "तुमचं जेवण झालं का?" हा तुमचा संशयित.

आणि देवदत्त, तुमच्या धर्माचं. त्याला आवाज यायचे ते स्वामी समर्थांचे, पंख्यातून. एकदा स्वामींनी बोलावलंय म्हणून अनवाणी अक्कलकोटला निघाला. मिरजेच्या पुढे सापडला, तळपाय सोललेले. आमच्या घरात स्वामींचा फोटो, म्हणून स्वामी. दुसऱ्या घरात जन्मला असता तर येशू बोलला असता. डॉक्टर म्हणाले, आजार मजकूर घरातूनच उचलतो.

देवदत्त_डोंबिवली:
ताई, भावाबद्दल वाईट वाटलं. पण तुम्ही माझंच म्हणणं सांगितलंत. मजकूर कुठला हे महत्त्वाचं. तुमच्या घरात 'भिऊ नकोस' होतं म्हणून तो अक्कलकोटला निघाला. पंख्यातला आवाज 'काप' म्हणाला असता तर?

मधुरा_सांगली:
तर तो पलंगाखाली जाऊन बसला असता. दर दिवाळीला फटाके वाजले की बसतो तसा. इतक्या वर्षांत त्याने कुणाला जखम केली असेल तर स्वतःला. वादात गुण मिळवायला माझ्या भावाच्या हातात सुरा देऊ नका.

शांतिदूत:
देवदत्त, हे फार झालं. माफी मागा.

मधुरा_सांगली:
तुम्ही मध्ये पडू नका. सुरुवात तुमच्या पोस्टने झाली आहे.

चिंट्या_केटीवाला:
वातावरण फार तापलंय, म्हणून एक बारीक शंका. अब्बासी केमिकल इंजिनिअर. खालिद शेख मोहम्मद, ९/११ चा सूत्रधार, अमेरिकेत शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर. गाम्बेट्टा आणि हेर्टोग या दोघा संशोधकांनी मोजदाद केली आहे. मुस्लिम देशांतल्या जहाल इस्लामींपैकी ज्यांनी कॉलेजात काय शिकलं ते माहीत आहे, त्यांत जवळपास निम्मे इंजिनिअर. तर मनोरुग्ण की धर्मवेडे हे सोडा, बीई की बीटेक ते बोला.

कुलकर्णी_मेकॅनिकल:
वाटच बघत होतो कुणीतरी आमच्यावर घसरायची. त्याच अभ्यासात हेही आहे की डाव्या जहाल गटांत इंजिनिअर फार कमी आणि साहित्य-समाजशास्त्रवाले भरपूर. ते कोण सांगणार?

चिंट्या_केटीवाला:
सांगितलं की तुम्ही. मुद्दा हा की ज्याला प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर लागतं, तो असल्या जाळ्यात लवकर अडकतो. शिवाय शिकून नोकरी नाही. कैरोपासून कराडपर्यंत सगळीकडे तेच.

कुलकर्णी_मेकॅनिकल:
एकच बरोबर उत्तर? तुम्ही आमची तोंडी परीक्षा दिलेली दिसत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून आठ जणांनी एकाच शीटवरून जीटी मारली आहे आम्ही. बाहेरचे परीक्षक आठही शीट शेजारी ठेवून म्हणाले, "चूकसुद्धा एकाच जागी?" अशा माणसांकडून क्रांती होत नसते.

पौर्णिमा_कोथरूड:
तुम्ही हसा. मला दहावीला मराठीत पहिली आले म्हणून शाळेने बक्षीस दिलं आणि बाबांनी सायन्सला टाकलं. मग इंजिनिअरिंग. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, तीनदा. चौथ्या वर्षी झोप लागेना, हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसायचे. कुणी विचारलं नाही डॉक्टर हवा का. विचारलं ते "बॅक किती राहिल्या?" महाराष्ट्रात आधी पोरांना इंजिनिअर करतात, मग त्यांना काय व्हायचंय ते विचारतात.

कुलकर्णी_मेकॅनिकल:
हे मात्र शंभर टक्के. माझ्या चुलतभावाचं असंच झालं. आता सोलापूर रोडला हॉटेल काढलंय, मजेत आहे. पण त्यात शाखेचा काय दोष? दोष बापांचा.

तुळशीमाळ:
आधी भक्ती, आता बाप. संध्याकाळपर्यंत आईवर येणार तुम्ही.

वकीलबुवा:
डिप्लोमावाले विरुद्ध डिग्रीवाले सुरू व्हायच्या आत मूळ विषयावर येता का?

कुलकर्णी_मेकॅनिकल:
डिप्लोमावाल्यांना काय झालं? दुसऱ्या वर्षाला थेट येऊन आमच्यापेक्षा बरं ड्रॉइंग काढायचे. वकिलांनी यात पडू नये.

नागपुरी_संत्रं:
बाप्पा, मी तर वेगळंच विचारणार होतो. सकाळपासून कोणी नाव नाही काढलं. ३१ जुलै २०२३, जयपूर-मुंबई गाडी, पालघरजवळ. आरपीएफचा कॉन्स्टेबल, सरकारी रायफल. आधी आपला साहेब, मग डबे बदलत तीन प्रवासी. तिघंही मुसलमान. रेल्वेने पत्रक काढलं की याला आजार होता, यानं आणि घरच्यांनी लपवून ठेवला. मग तेच पत्रक मागं घेतलं. सांगा न देवदत्त भाऊ, हा कोण? रुग्ण की भक्त?

देवदत्त_डोंबिवली:
खटला चालू आहे. तो निकाली निघाल्याशिवाय बोलणं योग्य नाही.

नागपुरी_संत्रं:
वा! ब्रेविक झाला, अब्बासी झाला, नीस झालं, मधुराताईचा भाऊ झाला. आन इथं आल्यावर भाऊला कोर्ट आठवलं.

देवदत्त_डोंबिवली:
ब्रेविक आणि अब्बासीचे निकाल लागलेत, म्हणून बोललो. नीसचा तर जागीच मेला. नियम एकच आहे.

नागपुरी_संत्रं:
मग शांतिदूतला म्हटलं तेच स्वतःला म्हणा. माणूस गाडीत काय बोलला याचा व्हिडिओ सगळ्या देशानं पाह्यला. घसा फोडून कारण सांगतात, असं तुम्हीच लिहिलं न वर?

स्टॅव्हँगरकर:
टेबल बदललं, शब्द बदलला. इथे फक्त उलट्या दिशेने.

देवदत्त_डोंबिवली:
ठीक. त्याने कोर्टात सांगितलं की मी पूर्ण शुद्धीत होतो आणि अमुक कारणासाठी मारलं, तर त्यालाही तेच लावीन जे ब्रेविकला लावलं. लिहून ठेवा, फ्रेम करा, नागपूरला पाठवतो. मधुराताई, तुमच्या भावाचं उदाहरण ताणलं ते नको होतं.

मधुरा_सांगली:
बरं.

शांतिदूत:
माझ्या वाक्यात 'असतोच' आहे तिथे 'कधीकधी असतो' वाचा. देवदत्तांचं समाधान होणार असेल तर. तुरुंगाचं मात्र मागे घेत नाही. आजारी माणसाला कोठडीत गोळ्या वेळेवर मिळतात का, हे वकीलबुवांनी सांगावं.

वकीलबुवा:
न्यायाधीन कैद्याच्या औषधासाठी माझ्या एका अशिलाच्या आईने तीन अर्ज केले होते. तिसऱ्यावर आदेश झाला, तोवर तो जामिनावर बाहेर. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

चिंट्या_केटीवाला:
काढा. पण आधी सांगा, इथे एम-थ्री पहिल्या फटक्यात कुणाची सुटली होती?

कुलकर्णी_मेकॅनिकल:
माझी. ग्रेस धरून.