इन्व्हिजिबल असताना डिटेक्ट मॅजिकने पकडलं, बरोबर आहे का?

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा रोल-प्लेइंग गेम) फिफ्थ एडिशन, २०१४ चे नियम. माझं रोग (rogue, चोरट्या प्रकारचं) पात्र जादूने इन्व्हिजिबल होऊन खोलीत शिरलं, विझार्डने डिटेक्ट मॅजिक (आसपासची जादू ओळखणारा मंत्र) टाकलं आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणे सापडलास! असं कसं?

> अर्धंच बरोबर. ३० फुटांत जादू आहे एवढं त्याला कळणार, पण ऑरा (जादूचं वलय) दिसतो तो दिसणाऱ्या माणसाभोवती नाहीतर वस्तूभोवती, तू तर दिसतच नाहीयेस मग नेमका कुठल्या कोपऱ्यात आहेस ते कसं कळेल

>> नॉनडिटेक्शन (शोधणाऱ्या जादूपासून लपवणारा मंत्र) घे ना, ८ तास चालतं. दरवेळी २५ गोल्डची हिऱ्याची पूड जाते तेवढं बघ

>>> त्यावरून भांडणं होतात हां. डिव्हिनेशन (शोधणारी, माहिती काढणारी जादू) तुला टार्गेट करू शकत नाही असं लिहिलंय, आणि डिटेक्ट मॅजिक तर कास्टर (मंत्र टाकणारा) स्वतःवरच टाकतो. आम्ही नॉनडिटेक्शन डिटेक्ट मॅजिकलाही अडवतं असं चालवून घेतो, नाहीतर पूड फुकटच की