हॅलोविनच्या गेमसाठी मिनी (टेबलावरच्या छोट्या मूर्ती) रंगवून राह्यलो, भूत सपाट अन् चेटकीण नुसती काळी दिसते, काय करू?

ऑरेंजसिटी_गोब्लिन
राम राम मंडळी, मदत पाहिजे होती. ३१ ऑक्टोबरच्या रात्री आमच्या ग्रुपचा वन-शॉट आहे, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा गेम, डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावर बसून पात्रं खेळायच्या गेमचाच पण फुल भुताटकीवाला, नागपुरात धरमपेठेत एकाच्या घरी बसणार, अन् सगळ्या मिनी रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण काय तर तुझं ड्रॉइंग शाळेपासून चांगलं आहे ना. सांगाडे आहेत बरेच, तीन-चार भुतं अन् एक कढईवाली चेटकीण. सगळे ३२ मिमीचे, रेझिनचे, मित्राच्या प्रिंटरवर काढलेले. सामान म्हणाल तर कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा, बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेले शून्य अन् दोन नंबरचे सिंथेटिक ब्रश, अन् एक मॅट काळा स्प्रे. बाहेरून रंग मागवायचं बजेट नाही अन् आता तेवढा वेळ बी नाही.

भूत पांढरं केलं की एकदम सपाट दिसून राह्यलं. चेटकिणीचा झगा काळा केला तर सगळ्या घड्या गायब, कुठे हात संपला कुठे झगा चालू झाला काही समजत नाही. मले टेबलावर ठेवल्या ठेवल्या पोट्टे चूप झालेले पाह्यजेत. सांगा काहीतरी.

महालचा_मुंजा
मी फक्त झग्याचं सांगतो, बाकीचं दुसरे सांगतील. ट्यूबमधला काळा रंग झग्याला लावूच नको भाऊ. त्याच्या खाली जायला जागाच नाही ना, मग सावली कशाने काढशील? प्रशियन ब्ल्यू अन् बर्न्ट अंबर अर्धा-अर्धा मिसळ. दिसायला तो काळाच दिसते, पण त्याच्यात थोडा थोडा पांढरा टाकत गेलं की थंड निळसर राखाडी निघत जाते, अन् तो राखाडी घड्यांच्या वरच्या कडेला, खांद्यावर, टोपीच्या काठावर ओढायचा. ब्रशच्या टोकाने नाही, ब्रश आडवा धरून त्याच्या कुशीने, कड आपोआप रंग घेते. ट्यूबवाला काळा फक्त घडीच्या एकदम आत, पाण्यासारखा पातळ करून सोड.

अन् खरं सांगू का, काळी बाई भयानक कशी करायची हे नागपूरच्या माणसानं विचारायचं असते का राजा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन उभा राह्य. काळी मारबत, मिरवणुकीतला तो मोठ्ठा बाईचा पुतळा, १८८०च्या दशकापासून निघून राह्यली, एवढ्या गर्दीत, एवढ्या गुलालात, लांबून पाह्यलं तरी नजर सरळ तोंडावर जाते. अंग गडद आहे म्हणून तोंड उठते. तुझ्या चेटकिणीचं बी तेच, झग्यावर जीव काढू नको, सगळा वेळ चेहऱ्यावर अन् हातावर घाल. कातडी हिरवट-पिवळी, नाकाचा शेंडा अन् बोटांची पेरं जरा जांभळट लाल. डोळे सगळ्यात शेवटी. मूर्तिकारांच्या चितार ओळीत बी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शेवटीच होते.

तर्री_मार_के
आखणी शेवटी हे दोन फुटी मूर्तीले ठीक आहे बे, इथे अख्खं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं आहे. डोळे पह्यले काढ. वाकडे गेले तर भोवतून कातडीचा रंग मारून झाकता येतात. शेवटी काढले अन् हात हलला तं झालेला चेहरा गेला. नाहीतर काढूच नको, खोबणीत गडद तपकिरी सोडून दे, टेबलावर हातभर लांबून बुबुळं कोणाले दिसत नाहीत.

सांगाडे एक-एक रंगवत बसू नको, सगळे लाइनीने घे. पह्यले रेझिन चिकट लागते का पाह्य. लागलं तं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन वाळव अन् थोडा वेळ उन्हात ठेव, आपलं ऊन यूव्ही लॅम्पचं काम फुकटात करते. पण ठेवून विसरू नको, जास्त झालं की रेझिन ठिसूळ होते अन् तलवारी-भाले खट्टकन तुटतात. हातात ग्लोव्हज घाल, कच्चं रेझिन कातडीले चांगलं नाही. मग काळा स्प्रे. सकाळी मार, भर दुपारी गच्चीवर मारला तं अर्धा रंग हवेतच वाळते अन् अंगावर रवाळ बसते. परतीचा पाऊस चालू असला तं मारूच नको, अन् स्प्रेचं वार्निश तं बिलकुलच नाही, दमट हवेत त्याच्यावर पांढरट झाक येते अन् मग डोकं धरून बसा.

त्याच्यावर ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायचा. राखाडी सगळीकडून, मग फिका हस्तिदंती फक्त वरून, म्हणजे कवटी, खांदे, बरगड्यांच्या वरच्या बाजू. ब्रश पेपरवर पुसायचा, अजून पुसायचा, वाटलं पाह्यजे की आता ह्याच्यात काही उरलंच नाही, तेव्हा तो तयार झाला. घरातला जुना गोल मेकअप ब्रश ह्या कामाले एक नंबर, पण विचारून घे. शेवटी वॉश, म्हणजे खोलगट जागेत उतरणारा पातळ रंग, अन् वॉश म्हणजे पाण्यात घोळलेला तपकिरी नाही, तसं केलं की वाळताना कडेकडेने डाग पडतात. अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रव्य) घे, त्याच्यात ब्राऊन ड्रॉइंग इंकचे थेंब अन् जरासं पाणी. बरगड्यांच्या मधात स्वतःच जाऊन बसते. स्लॅपचॉप म्हणतात तो साधारण हाच प्रकार, फक्त ते लोक वरून कॉन्ट्रास्टसारखे पारदर्शक रंग घालतात, २०१९ मध्ये सिटाडेल ह्या मिनीच्या रंगांच्या ब्रँडचे ते रंग आले तेव्हापासून तं सगळेच त्याच्या मागे. तू इंक घाल, काही बिघडत नाही.

संत्रा_बर्फी
आता हे दोघं तुला भुताला पण ड्रायब्रशच करायला लावतील म्हणून मी मध्येच घुसतेय. सांगाड्यावर उजेड बाहेरून पडतो. भूत स्वतःच उजेड आहे, तो आतून येतो, म्हणून तिथे सगळं उलटं करायचं, घड्यांच्या आत सगळ्यात फिकं अन् उंचवट्यावर गडद. आगीच्या ज्वाळा पण अशाच रंगवतात.

काळ्यावर सरळ पांढरा लावू नकोस, आधी राखाडी, मग पांढऱ्याचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. मग व्हिरिडियन हिरव्यामध्ये किंचित निळा, अन् मीडियम भरपूर, इतकं की खालचा पांढरा आरपार दिसला पाहिजे. ब्रश भरून घेतला की आधी टिश्यूला टेकवायचा, नाहीतर थेंब घडीत जाऊन साचतो. अन् ब्रश ओढायची दिशा सांभाळ, कारण स्ट्रोक जिथे संपतो तिथे रंग जास्त जमतो. म्हणून छातीपासून खाली, शेपटाकडे ओढायचा, प्रत्येक वेळी जरा खालून सुरुवात करायची. चेहरा जवळपास पांढराच राहतो, कंबरेला हिरवट, अन् खालची टोकं इतकी गडद करायची की काळ्या बेसमध्ये (मिनीच्या खालच्या चकतीत) कुठे मिसळली कळायला नको. ह्याला वेळ लागतो, पण भुतं तीन-चारच आहेत ना तुझी.

तर्री_मार_के
एवढं उलटंसुलटं काहून? खाली पांढरा हात, घड्यांमध्ये हिरवा-निळा वॉश, वरून पांढरा ड्रायब्रश, अर्ध्या तासात भूत तयार. टेबलावर मस्त दिसते.

संत्रा_बर्फी
दिसतं ना, चादर पांघरलेला माणूस दिसतो.

ऑरेंजसिटी_गोब्लिन
चादरवाला माणूस 😂 तेच तं होऊन राह्यलं होतं माझं, आता समजलं. उलटं करून पाहतो एका भुतावर. अजून दोन गोष्टी, कढईतून हिरवा उजेड पडलेला दाखवायचा आहे अन् बेसवर ते तोंड कोरलेले भोपळे पाह्यजेत. अन् रक्त किती टाकू?

संत्रा_बर्फी
भोपळे एम-सीलचे (नळाची गळती बुजवायच्या दोन भागांच्या लुकणाचे) कर. दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळायचे, सहा मिमीची गोळी घेतली की ह्या स्केलला साधारण फूटभराचा लाल भोपळा होतो. बोट ओलं ठेव म्हणजे चिकटत नाही. टूथपिक आडवी दाबून फाकी पाड, तिचंच टोक तोडून देठ म्हणून खोच, अन् मऊ आहे तोवरच डोळे-तोंड ब्लेडच्या टोकाने काढ. वाळल्यावर नारिंगी, फाकींमध्ये तपकिरी वॉश. डोळ्यांच्या भोकात काळा भरू नकोस, सगळे तीच चूक करतात, आत दिवा आहे ना? आत पांढरट पिवळा, कडेला पिवळा, अन् समोरच्या जमिनीवर नारिंगीचा एक पातळ हात.

कढईचं पण तसंच. सगळ्यात उजळ कढईतलं पाणी, त्याच्याहून उजळ दुसरं काही नको. हिरवा फक्त त्या बाजूंवर जिथून कढई दिसेल, म्हणजे हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, तळव्यावर, बाहीच्या आतल्या बाजूला. मिनी हातात घेऊन कढईच्या जागेवरून तिच्याकडे बघ, जे दिसलं ते रंगव, जे नाही दिसलं ते सोड. जवळ पिवळसर हिरवा, लांब जाईल तसा नुसता हिरवा अन् पातळ.

महालचा_मुंजा
रक्त कमी. सांगाड्यांले तं नकोच, त्यांच्यात कुठून येणार. फक्त चेटकिणीच्या सुरीवर टाक, लाल अन् बर्न्ट अंबर मिसळून, ताजं दाखवायचं असलं तर त्याच्यावर ग्लॉस वार्निशचा ठिपका, बाकी सगळी मिनी मॅट ठेवली की तेवढंच चमकते. जुनं रक्त तपकिरी अन् मॅट. अन् डोळ्यांचं तर्री म्हणते ते कर बाबा, ३२ मिमीवर त्याचं बरोबर आहे.

ऑरेंजसिटी_गोब्लिन
एम-सील घरीच आहे, बाबांनी नळासाठी आणलेलं. संध्याकाळी बर्डीवर जाऊन मीडियम अन् ब्राऊन इंक घेऊन येतो. झालं की फोटो टाकतो इथेच.

तर्री_मार_के
टाक. अन् मिनी हातात धरून रंगवू नको, औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपने चिकटव अन् बाटली धर, नाहीतर बोटांच्या तेलाने कडेचा रंग निघते. एम-सील हाताले लागलं तं लगेच साबणाने धू, वाळल्यावर निघत नाही.