चर्चचं घर घ्यायचंय, भिंतींबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका खेड्यात व्हिक्टोरियन काळातलं चर्च विकायला आहे. आधीच्या मालकांनी त्याचं राहतं घर केलंय. आम्ही दोघं फार प्रेमात पडलोय त्याच्या. तुमच्यापैकी कुणी अशा वास्तूत राहतं का?

इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे सरकारी वारसा यादीतली संरक्षित वास्तू, त्यामुळे तिचं मूळ रूप बदलणाऱ्या कामाला, अगदी आतल्याही, कौन्सिलची परवानगी लागते. ते ठीक. खरी काळजी भिंतींची. दगडांच्या सांध्यांतला चुना काढून कुणीतरी सिमेंट भरलंय. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग ती दगडातून निघते आणि दगडच झडतो. उत्तरेच्या खिडकीखाली हात फिरवला की पिवळसर भुकटी बोटांना लागते. सिमेंट काढून परत चुना भरताना दगडाच्या कडा फुटतात का? हे काम कुणी करून घेतलंय का, आणि कारागीर कसा निवडला?

भोवती थडगी आहेत. नातेवाइकांचा तिथे येण्याचा हक्क करारात राखलाय आणि तो असायलाच हवा. पण ड्रेनेजसाठी खणताना अवशेष निघाले तर सरकारी परवान्याशिवाय हलवता येत नाहीत, म्हणून चर्चच्या व्यवहारांतला जाणकार सॉलिसिटर (वकील) हवाय.

शिवाय इतक्या उंच छताखाली हिवाळ्यात जमिनीखालचं हीटिंग पुरतं का? पुढच्या आठवड्यात ऑफर द्यायची आहे, अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.