नोटेशन सॉफ्टवेअर आणि आमचा तथाकथित आळस

पेटीवाला:
"नोटेशन सॉफ्टवेअर अवघड नसतं, लोकांना शिकायचा आळस असतो," असं काल एकाने इथे ठोकून दिलं. मला ते झोंबलं. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे संगणकावर स्वरलिपी लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, वृंदगानासाठी तीन आवाजांत भजन बसवत होतो. चौदाव्या बारमध्ये (चार मात्रांच्या खणात) एक क्वार्टर नोट, म्हणजे एका मात्रेचा स्वर, राहून गेली होती. ती घालायला गेलो तर पुढची नोट पुसली गेली. नको असलेली नोट उडवली तर तिथे रेस्ट, म्हणजे विरामाची खूण, येऊन बसली, पुढची ओळ तसूभर हलली नाही. शेवटी सोळा बार नव्याने टाकले, रात्रीचा दीड वाजला. हा आळस?

शॉर्टकट:
काल लिहिणारा मीच. नवी नोट घातली की पुढचं सरकवणारा इन्सर्ट मोड वापरलात का? एका आवाजाची ओळ आपोआप सरकली, तर अल्टो (खालचा आवाज) जागेवर आणि सोप्रानो (वरचा) मात्राभर पुढे जाईल. म्हणूनच एरवी ओव्हरराइट, म्हणजे जुन्या नोटेवर नवी.

पेटीवाला:
मग तो मोड मेनूच्या पोटात कशाला दडवला?

खर्ज:
मुळात पाच रेघांचा पाश्चात्त्य स्टाफ हवाच कशाला? तीनतालाची सोळा मात्रांची बंदिश फोर-फोरमध्ये, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारांत लिहिली की चारही बार सारखेच दिसतात. सम (पहिली मात्रा) कुठली, खाली (टाळी नसलेली) कुठली? सा रे ग म अक्षरांच्या भातखंडे लिपीत लिहा.

कोमल निषाद:
लिहून पाहिलंय. वर्डमध्ये मालकंसाच्या ग, ध, नि खाली कोमल स्वराची खूण म्हणून अंडरलाइन दिली आणि मजकूर कॉपी करून विद्यार्थिनीला व्हॉट्सॲपवर पाठवला. रेघा गळाल्या, कोमल स्वर शुद्ध झाले. तिने आठवडाभर भिन्न षड्ज हा दुसराच राग घोटला!

शॉर्टकट:
अनुदात्ताची खूण, म्हणजे वेदपाठातली अक्षराखालची आडवी रेघ, टाका: ग॒ ध॒ नि॒. ती अक्षराबरोबरच जाते.

कोमल निषाद:
बरं, हे माहीत नव्हतं. पण एका मात्रेत चार स्वर असले की ते एकत्र जोडणारा खालचा कंस कुठून आणू?

खर्ज:
कंस नसला म्हणून अडतं कुठे? गुरूसमोर बसलेल्याला कागद लागत नाही. तुम्हाला गाणं शिकायचंय की टायपिंग?

कोमल निषाद:
हे मला ऐकवू नका. २०१९च्या पुरात सांगलीला आमच्या बाईंच्या तीन वह्या लगदा झाल्या. बाई आज नाहीत. त्यातल्या दोन बंदिशींचे अंतरे आम्हा कुणालाच पूर्ण आठवत नाहीत. मी टाइप करते ते यासाठी.

खर्ज:
वह्यांचं वाईट वाटलं. पण फाइली तरी कुठे टिकतात? ३५ वर्षं चाललेलं फिनाले हे नोटेशन सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४मध्ये बंद केल्याचं जाहीर झालंच ना?

शॉर्टकट:
म्हणूनच प्रत्येक स्कोअर (लिहिलेली रचना) म्युझिकएक्सएमएल या फाइल-प्रकारातही काढून ठेवायचा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. एवढंही न करता सॉफ्टवेअरला शिव्या देऊ नका.

पेटीवाला:
मूळ मुद्द्यावर येतो. सकाळी तुमचा इन्सर्ट मोड लावला. नोट बसली, हे कबूल. पण चौदावा बार आता पाच मात्रांचा झालाय आणि त्याच्या डोक्यावर अधिकाचं चिन्ह दिसतंय. आता बोला.

शॉर्टकट:
अन्डू करा. त्या आवाजाची पुढची ओळ निवडून कट करा, मात्राभर पुढे पेस्ट करा, मग मोकळ्या जागेत नोट टाका. आणि हो, एका नोटेसाठी एवढं करावं लागतं, हे मलाही पटत नाही.